पूर्वरंगातली करकर

अक्काचं साधं म्हणणं होतं, की माणसाने एक तर गावं नाही तर ठोकावं; दोन्ही एकदम करायला जाऊ नये. तिच्या धाकट्या भावाच्या लाडक्या बँडमध्ये चार माणसं ही दोन्ही कामं एकदमच करायची, आणि तीही दारात भांडण लागल्यासारखी. बँडच्या नावाचा अर्थ भट्टी असा होतो हे एकदा तिच्या कानावर पडलं, तेव्हापासून ती त्यांना भट्टीवाले म्हणायची. "लागली का रे भट्टी?" असं पार्टिशनपलीकडून तिने विचारलं, की संध्याकाळ झाली असं समजावं.

पार्टिशन म्हणजे नुसतं प्लायवूड. अलीकडे अक्काची खोली, तिचं पायाने चालवायचं शिलाई मशीन आणि पडद्यांच्या कापडाचे तागे. पलीकडे भावाची खोली, रेकॉर्ड प्लेअर आणि पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. भावाला घरात सगळे ढोल्या म्हणत. लहानपणी डबा, बादली, झोपलेल्या माणसाची पाठ, जे हाताला लागेल ते तो वाजवायचा, म्हणून. केस पांढरे झाले तरी नाव काही सुटलं नाही. त्याची बायको गेली तेव्हा अक्का चार दिवसांसाठी म्हणून आली होती. मागोमाग टेम्पोतून तिचं मशीन आलं, तेव्हाच सगळ्यांनी ओळखलं, की ही आता जात नाही.

अक्काचा जीव गाऊन सांगितलेल्या प्रवचनांवर. रविवारी सकाळी ती प्रार्थनामंदिरात जायची ती दुपारीच उगवायची. तिथले महाराज बोलता बोलता गायला लागत, गाता गाता मध्येच थांबून एखादा शब्द असा उलगडून दाखवत, की अक्काच्या डोळ्यांना धार लागे. ती घरात नाही ही संधी साधून ढोल्या रविवारी भट्टीवाल्यांचा तिसरा अल्बम लावायचा, सोनेरी कव्हरवाला. त्या अल्बमाने ते जगभर गाजले. दुकानांत, लग्नांत, स्टेडियममध्ये अजून तोच वाजतो. तो मोठ्यानेच ऐकायचा असतो, आणि मोठ्याने लावला की खिडकीची तावदानं थरथरतात. म्हणून अक्का नसतानाच. रोज संध्याकाळी मात्र पहिले दोन, अक्का आल्यानंतर जुन्या बाजारात सापडलेले. राखाडी कव्हरवर नुसता एक जिना असलेला पहिला, आणि खुंटीला ओला कोट टांगलेला दुसरा. हे दोन घरात असलेला माणूस ढोल्याला त्याच्या उभ्या आयुष्यात दुसरा भेटला नव्हता.

तो छापखान्यात मशीनमन. मशीनने उजवा कान कधीच नेला होता. नोकरी संपल्यावर डावाही हळूहळू काढता पाय घेऊ लागला. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची बेल, मग फोनवरची लेक. लेक पोहायला शिकवायची. तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्या पोरांना दटावून दटावून तिचा आवाज असा तयार झाला होता, की शेजारचे तिला फोनशिवायही बोलता येईल म्हणत. तिचाही आवाज ऐकू येईना, तेव्हा ढोल्या ऑपरेशनला तयार झाला. कानात आत एक तार बसवायची, कानामागे बाहेरून एक यंत्र लावायचं, आणि यंत्राने ऐकायचं. मात्र तार आत गेली, की कानात उरलीसुरली जी ऐकण्याची शक्ती आहे ती बहुधा जाणार.

दवाखान्यात चाचण्या घेणाऱ्या कानाच्या बाई सरळ स्वभावाच्या होत्या. ढोल्याने त्यांना एकच प्रश्न विचारला. गाणी ऐकू येतील का? बाईंनी तोंड त्याच्याकडे नीट वळवून, ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं. "बोलणं येईल. गाण्याचं मी सांगू शकत नाही. ठेका लवकर कळतो, चाल फार उशिरा. काहींना गाणं म्हणजे पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं. मग ते ऐकणं सोडून देतात."

घरी येताना ढोल्या बसमध्ये एक शब्द बोलला नाही. अक्काला ते मौन ओळखीचं होतं. भावजय गेली तेव्हा तो असाच गप्प झाला होता.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात तो रोज संध्याकाळी स्पीकरच्या लाकडी खोक्याला डावा कान चिकटवून बसायचा. तळहातही खोक्यावर ठेवलेला, थरथर पकडायला. अक्काही हातशिलाईचं काम घेऊन त्याच्या शेजारी खुर्चीत बसायची. अक्काला वाटलं होतं, निरोपच द्यायचा तर हा सोनेरी अल्बमाला देईल. पण तो फिरून फिरून तेच दोन लावत राहिला. जिना आणि कोट, जिना आणि कोट. शेवटी न राहवून तिने हातातला पडदा तसाच टाकला, खुर्ची त्याच्यासमोर ओढली, आणि ओठ दिसतील अशी बसून विचारलं, की बाबा रे, जग ज्याला डोक्यावर घेतं ते सोडून तू हे काय उगाळत बसतोस?

ढोल्या एरवी घुम्या. पण हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो जणू कित्येक वर्षं थांबला होता. त्याने जे सांगितलं ते अक्काने नंतर लेकीला जसंच्या तसं सांगितलं.

पहिले दोन अल्बम भट्टीवाल्यांनी एका बंद पडलेल्या लाँड्रीत केले. स्टुडिओ परवडत नव्हता, म्हणून कुणा मामाने किल्ली दिली. चौघं एका खोलीत, समोरासमोर. गिटारवाल्याकडे गिटार एकच, त्यामुळे एक सूर संपल्याशिवाय दुसरा सुरूच होत नाही, आणि त्या दोहोंमधल्या मोकळ्या जागेत लाँड्रीच्या भिंती ऐकू येतात. जिन्यावाल्या अल्बममधल्या तिसऱ्या गाण्यात बासवाला एक ठेका आधीच घुसतो. दुसरं कुणी असतं तर थांबून पुन्हा घेतलं असतं. हे बाकीचे तिघं त्याला एकटं पाडत नाहीत. तेच त्याच्यामागून धावत येतात, आणि चुकीचंच बरोबर करून टाकतात. गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. कडव्याच्या आधी तो श्वास घेतो तेव्हा कळतं, की याला वरचा सूर लागेल की नाही याची त्यालाच खात्री नाही. आणि लागतो. दर वेळी लागतो, आणि दर वेळी ढोल्याला बरं वाटतं. सोनेरी अल्बममध्ये ही धाकधूक नाही. तिथे पाच गिटारी एकावर एक चढवलेल्या, वर व्हायोलिनवाल्यांचा आख्खा ताफा. थोर आहे तोही. पण तिथे सगळं आधीच जिंकलेलं आहे.

"आणि ड्रमवाल्याचं पेडल," ढोल्या म्हणाला. "पायाने मोठा ड्रम वाजवायचं असतं ना, ते. त्याला तेल नव्हतं घातलेलं. करकरायचं. ठेका पडायच्या जरासं आधी, कर्र, आणि मग धप्प. पहिल्या दोन्ही अल्बममध्ये आहे. तिसऱ्यात पैसा आला आणि कुणीतरी तेल घातलं."

मग बोटांनी स्पीकरच्या खोक्यावर टकटक करत म्हणाला, "धप्प अजून हाताला लागतं. करकर गेली. या आठवड्यात रोज शोधतोय. सगळ्यांत आधी तीच गेली बघ."

अक्काला त्या क्षणी आठवलं ते प्रार्थनामंदिर. महाराज सुरुवातीला नुसता एक विचार मांडतात, तो चाचपतात, सुरात लावून बघतात, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. लोक येतात नंतर, गोष्ट सुरू झाल्यावर. अक्का मात्र पहिल्या रांगेत आधीपासून. कारण तिला पक्कं ठाऊक होतं, की महाराजांना स्वतःला जे सापडायचं असतं ते त्या सुरुवातीच्या भागातच सापडतं. गोष्टीत ते फक्त वाटून टाकतात.

"म्हणजे पूर्वरंग," ती म्हणाली.

ढोल्याने तिचे ओठ पुन्हा बघितले. मग तो शब्द त्याने स्वतःशी दोनदा म्हणून पाहिला, आणि मान हलवली. "हां. पूर्वरंग. अक्का, इतकी वर्षं मला हा शब्द नव्हता सापडत."

ऑपरेशन नीट झालं. जखम भरल्यावर एका सकाळी बाईंनी यंत्र सुरू करून दिलं. लेक पहिल्यांदा बोलली, आणि ढोल्याने आधी दचकून, मग हसू दाबत सांगितलं, की तू पत्र्याच्या डब्यात बसलेल्या बदकासारखी बोलतेस. सगळे हसले. अक्काही बदक, बाईही बदक. पण बदकं काय बोलतात ते त्याला कळत होतं, आणि हीच मोठी गोष्ट होती. फोनवर लेकीचे शब्द त्याला कळू लागले, तेव्हा अक्काने देवाचे आभार मानले.

गाण्याचं तेवढं कुणी बोलत नव्हतं. शेवटी लेकीनेच उत्साहाने फोनवर सोनेरी अल्बम लावला. सगळ्यांत गाजलेला, बाबाच्या हाडामासांत भिनलेला, म्हणजे हाच आधी ओळखू येईल असा तिचा हिशोब. ढोल्याने डोळे मिटून ऐकलं. थोड्या वेळाने त्याने कानामागचं यंत्र काढलं, डबीत ठेवलं, आणि डबीचं झाकण अगदी हळू लावलं.

"गारा," तो म्हणाला. बस, एवढंच.

त्यानंतर यंत्र बोलण्यापुरतं कानावर चढायचं आणि बोलणं संपलं की डबीत. बाईंनी सराव करायला सांगितलं होतं, रोज ओळखीचं काहीतरी ऐका म्हणून. त्याने ते कानाआड केलं. अक्काने आठवण दिली, की हसून म्हणायचा, आता कान कुठे आहे, कानाआड करायला. आणि मग एका रविवारी त्याने लेकीला निरोप धाडला, की रेकॉर्ड प्लेअर आणि सगळ्या रेकॉर्डी घेऊन जा. इथे धूळ खातायत, आणि मला त्या डोळ्यांसमोर नकोत.

लेक दुपारी खोकी घेऊन आली. बाबाशी वाद घालायचा तिने प्रयत्न करून पाहिला, पण त्याने यंत्रच काढून ठेवलं होतं, आणि बहिऱ्याशी भांडायचं तर हातवारे करावे लागतात. ती हिरमुसून आत्याच्या खोलीत येऊन बसली. अक्काच्या मशीनवर मोठ्या खिडकीचा पांढरा लांबलचक पडदा होता. लेकीने चाळा म्हणून फोनवर कोटवाला अल्बम लावला. बाबा ज्याच्यासाठी एवढा झुरतो ते निदान एकदा नीट ऐकावं, असं तिला वाटलं.

अक्का शिवत राहिली. पाय पेडलवर खालीवर, हातांखालून पडदा सरकतोय, मन भावाच्या खोलीत. चौथं गाणं लागलं. आणि गाण्याच्या ऐन मध्यात अक्काचा पाय आपोआप थांबला. मशीन थांबलं, सुई कापडात तशीच. गाणं मात्र पुढे निघून गेलं. जिन्याची आणखी एक पायरी आहे असं समजून माणूस पाय टाकतो आणि ती नसतेच, तशी अक्का खुर्चीतल्या खुर्चीत अडखळली.

"हे ते नाही," ती म्हणाली.

"तेच आहे, आत्या. हे बघ, कोटाचं चित्र."

"चित्र असेल. इथे काठी पडते."

लेकीला काही कळेना. तेव्हा अक्काने, जिने आयुष्यभर भट्टीवाल्यांचं नाव काढलं की नाक मुरडलं होतं, तिने बसल्या जागी सगळं सांगितलं. इथे त्या वाजवणाऱ्याच्या हातातली काठी निसटते. ती लाद्यांवर पडते, गडगडत जाते. सगळे थांबतात. मग त्यांच्यातला एक जण हसतो, अगदी पोटातून, जसं काही त्याला शाळेत मास्तरांसमोर हसू आलंय. मग काठी उचलतात आणि पुन्हा सुरू. "तेवढ्यात मी दोरा तोडून घेते," अक्का म्हणाली. "दर वेळी."

लेक आत्याकडे बघतच राहिली. "तुला पाठ आहे हे?"

"पाठ कशाला असेल मला ते ठोकाठोकीचं." अक्काने उगाच दोरा ओवल्यासारखं केलं. "पार्टिशन प्लायवूडचं आहे."

लेकीने फोनवर खालचा मजकूर वाचला. कंपनीने नंतर साफसूफ करून नव्याने काढलेली आवृत्ती होती ती. काठी काढून टाकलेली, हसणं पुसलेलं, जोड दिसू नये असं बेमालूम सांधलेलं. अक्का पडद्यांचे सांधे करणारी बाई. तिला क्षणभर त्या कारागिराचं कौतुक वाटलं आणि लगेच त्याचा रागही आला. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कानाच्या बाई काय म्हणाल्या होत्या? ठेका आधी कळतो. ओळखीचं ऐका. आणि आपण त्याला काय दिलं? पाच गिटारी आणि व्हायोलिनचा ताफा. गाराच लागणार. लाँड्रीतले चौघं एका वेळी एकच सूर लावतात, मध्ये मोकळी जागा सोडतात. आंधळ्याला चाचपायला भिंत लागते, ती तिथे आहे.

ती उठली, थेट ढोल्याच्या खोलीत गेली, आणि डबी उघडून त्याच्यासमोर धरली. तो मानेनेच नको म्हणाला. लहानपणी त्याने बादली वाजवली की अक्का जशी बघायची, तशीच तिने आता त्याच्याकडे बघितलं. यंत्र कानावर चढलं.

"कोटवाला लाव," तिने लेकीला सांगितलं. "खरा."

खोक्यात भरलेली रेकॉर्ड बाहेर आली. अक्का शेजारी खुर्ची ओढून बसली, आणि तिने भावाचा हात आपल्या हातात घेऊन, गाणं सुरू झालं तसा त्याच्या तळव्यावर बोटाने ठेका धरला. ढोल्याचा चेहरा आधी लाकडासारखा. मग भुवई जराशी हलली. धप्प कुठे आहे ते त्याला कळत होतं. चाल नव्हतीच, सूर म्हणजे नुसती खरखर. पण अक्काचं बोट आणि कानातलं धप्प एका जागी पडत होतं, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो जरा पुढे झुकला. चौथं गाणं आलं. त्या जागेच्या आधी अक्काने बोट उचलून धरलं.

टाक. आणि मग लाद्यांवरून टक, टक, टकटकटक.

ढोल्याने डोळे उघडले. खोलीत काही पडलं का ते तो बघत होता. आणि तेवढ्यात रेकॉर्डमधला तो माणूस हसला. बदकासारखा हसला असेल, डब्यातून हसला असेल, पण हसला, आणि त्याच्याबरोबर ढोल्याही हसला, तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत, डोळ्यांतलं पाणी न पुसता. लेक खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

रेकॉर्डची बाजू संपली. मग त्याने जिन्यावाला मागितला. तोही ऐकला, बासवाला घुसतो तिथे हात वर करून. त्या तिघांची धावपळ त्याने बोटांनी पकडली. अल्बम संपल्यावर तो खुर्चीत मागे टेकला. चेहरा धुतल्यासारखा झाला होता, तरी कुठेतरी एक सुरकुती राहून गेली होती.

"पुष्कळ आलं," तो म्हणाला. "चालही येईल कधीतरी. पण करकर नाही आली. ती या यंत्राला नाही जमायची. तेवढी गेलीच म्हणायची."

अक्का त्याची समजूत घालणार, तोच तिला आठवलं. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातही करकर गेली होती. तेव्हाही ती रोज इथे, याच खुर्चीत बसत होती. सोनेरी अल्बममध्ये ती कधीच नव्हती. आणि सोनेरी लागतो रविवारी, ती प्रार्थनामंदिरात असताना. अक्का हळूच उठली. लेकीला तिने खुणेने सांगितलं, की कोटवाला पुन्हा लाव, आणि आपल्या खोलीत जाऊन मशीनवर बसली.

तिच्या मशीनच्या पेडलला तिने कधी तेल घातलं नव्हतं. लांब पडदे खाली लोळतात, पेडलला लागतात, आणि पांढऱ्या कापडावर तेलाचा डाग पडला की गिऱ्हाईक पडदा तोंडावर फेकतं. म्हणून ते करकरायचं. इतकी वर्षं करकरत होतं, की तिला स्वतःला ते ऐकू येणंच बंद झालं होतं. पलीकडे गाणं सुरू झालं. अक्काने मनाशी काही न ठरवता, रोज संध्याकाळी करायची तसंच, पडदा पुढे सरकवला आणि नकळत गाण्याच्या ठेक्यावर पाय दाबला.

कर्र. धप्प. कर्र. धप्प.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने ढोल्या दारात उभा होता. त्याने आधी अक्काच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग खाली. पायाकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"हे तू होतीस," तो म्हणाला.

"मला काय माहीत तू माझ्याच पेडलचं कौतुक करतोस ते."

"छापखान्यात सगळ्यांना सांगितलं मी. त्या ड्रमवाल्याच्या पेडलचं. कुणाकुणाला घरी आणून ऐकवलं."

"मग त्यांना कळलं असेल. मोठे कान असलेली माणसं ती." अक्काने पाय न थांबवता दोरा सारखा केला. "इतकी वर्षं कौतुक करत होतास तर एकदा तोंडावर करायचं होतंस. आता भट्टीवाल्यांनी माझं नाव घातलं असतं कव्हरवर, ओल्या कोटाच्या खाली."

चौथं गाणं जवळ आलं. दोघांनाही ते कळलं. अक्काचा पाय थांबला, पलीकडे काठी पडली, तिने दोरा तोडला. तो माणूस हसला, आणि पाय पुन्हा सुरू झाला. ढोल्या दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं असं बघत होता, जसं कुणी लाँड्रीच्या खिडकीतून त्या चौघांना पहिल्यांदा बघावं.

मग तो आत आला. मशीनच्या लाकडी खणात सुया, खडू, बॉबिन यांच्यात तेलाची एक छोटी कुपी पडलेली असायची, मशीनबरोबर आलेली, सील न फोडलेली. त्याने ती उचलली, खिशात घातली, आणि लेकीला खोकी रिकामी करायला सांगायला पलीकडे गेला.